वीस संकरित गायींच्या शेणमूत्रातून वर्षाला किती नत्र, स्फुरद, पालाश निघतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंदापूर भागात मुक्त संचार गोठा आहे. वीस एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी, आठ कालवडी आणि आठ एकर बागायत. त्यात निम्मा ऊस, निम्म्यात मका आणि नेपियर हे चाऱ्याचं गवत. दूध सरासरी १५ लिटर. रासायनिक खताचा खर्च कमी करायचा म्हणून शेणखतात नेमकं काय आहे याचा शोध घेतलात, तर तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले. अमेरिकी तक्त्यात गायीमागे दिवसाला ४५० ग्रॅम नत्र. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मार्गदर्शिकेतून काढलेला आकडा गायीमागे वर्षाला ४७ किलो. आणि प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो, ओल्या वजनावर नत्र ०.७५, स्फुरद ०.६०, पालाश ०.८० टक्के. यातला खरा आकडा कुठला, आणि शेजारच्या ब्रॉयलर शेडचं खत घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण पहिले दोन तुमच्या गायींचे नाहीत, आणि तिसरा गायीने काय टाकलं ते सांगत नाही. उकिरड्यात काय उरलं ते सांगतो.

अमेरिकी तक्ता तिथल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचा, २००५ सालचा. त्यातली गाय दिवसाला ४० किलोच्या आसपास दूध देणारी आहे. तेवढं दूध द्यायचं तर तेवढी प्रथिनं खावी लागतात, म्हणून शेणमूत्रातही तेवढं नत्र. दुसरा आकडा २००६ च्या मार्गदर्शिकेतला. तिथे भारतीय उपखंडातल्या दुभत्या जनावरासाठी दर १००० किलो वजनामागे दिवसाला ०.४७ किलो नत्र धरलं आहे आणि जनावराचं वजन २७५ किलो. गुणाकार केला की ४७ किलो येतात. तुमची गाय ४५० किलोची असेल तर तोच दर लावून ७७ किलो होतात. हा ७७ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. देशभरातल्या जनावरांचा एकत्रित अंदाज काढायला असे तक्ते ठीक. एका गोठ्याचं खत व्यवस्थापन त्यांच्यावर बेतू नये, कारण तक्त्याला तुमच्या गव्हाणीत काय पडतं हे माहीत नसतं.

शेण मोजून सुरुवात करावी असं सगळ्यांना वाटतं. मी खाद्यापासून सुरुवात करतो. नत्र, स्फुरद, पालाश गायीच्या पोटात तयार होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. जे तोंडातून गेलं, त्यातून दुधात, वाढत्या अंगात आणि पोटातल्या वासरात गेलेलं वजा करा. उरलेलं सगळं शेणात किंवा मूत्रात. बादलीभर शेण घेऊन तपासण्यापेक्षा हे जास्त विश्वासाचं आहे, कारण खाद्य आणि दूध या दोन्ही गोष्टी तुम्ही पैसे मोजून घेता-विकता, त्यांच्या नोंदी असतात. मूत्र मात्र जमिनीत मुरतं आणि त्याचा नमुना कुणी घेत नाही. नेदरलँड्सने १९९८ पासून शेतकऱ्यांना याच आवक-जावकीचा हिशेब ठेवायला लावला होता. पुढे युरोपीय न्यायालयात तो कायद्याच्या चौकटीत बसला नाही आणि २००६ पासून पद्धत बदलली. पण जमाखर्चाच्या गणितात खोट होती म्हणून नव्हे.

आता तुमच्या गायीचं गणित. तुम्ही कळवलेला रोजचा आहार असा: मुरघास १८ किलो, नेपियरची कुट्टी १०, कडबा २, गोळी पेंड ५, सरकी पेंड १ किलो, खनिज मिश्रण ५० ग्रॅम. मुरघासात शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरतं ते) ३० टक्के धरले तर ५.४ किलो, त्यात ८ टक्क्यांनी ४३२ ग्रॅम प्रथिनं. नेपियरमध्ये २ किलो शुष्क पदार्थ आणि १६० ग्रॅम प्रथिनं. कडब्यात १.८ किलो आणि जेमतेम ७२ ग्रॅम. गोळी पेंडीच्या पोत्यावर २० टक्के लिहिलंय, म्हणजे पाच किलोत १००० ग्रॅम. सरकी पेंडीतून साधारण २२० ग्रॅम. एकूण शुष्क पदार्थ १४.६ किलो, प्रथिनं १८८४ ग्रॅम. प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नत्र मिळतं: ३०० ग्रॅम.

दुधाकडे या. १५ लिटर म्हणजे साधारण १५.४ किलो. प्रथिनं ३.१ टक्के धरली तर ४७७ ग्रॅम. दुधासाठी भाजक ६.३८ घ्यायचा, म्हणजे ७५ ग्रॅम नत्र. प्रौढ गायीचं वजन वर्षभरात फारसं बदलत नाही, ते सोडून देऊ. ३०० वजा ७५, म्हणजे दिवसाला २२५ ग्रॅम नत्र शेणमूत्रात. खाल्लेल्या नत्रातला चौथा भाग दुधात गेला, तीन भाग बाहेर पडले. हे ऐकून दचकू नका. संकरित गायींच्या गोठ्यात याहून फार चांगला आकडा क्वचितच दिसतो.

३०५ दिवस दुधाचे, त्यांचे ६८.६ किलो. भाकड साठ दिवसांत खाणं कमी, रोज दीडशे ग्रॅम धरलं तर आणखी ९ किलो. वर्षाला गायीमागे ७७ ते ७८ किलो. म्हणजे वजन दुरुस्त केल्यावर आंतरराष्ट्रीय आकडा तुमच्या आकड्याला येऊन मिळाला. त्याचा आनंद जरूर माना, पण विसंबून राहू नका. उद्या गोळी पेंड दोन किलोंनी वाढवलीत आणि दूध तेवढंच राहिलं, तर त्यातलं ६४ ग्रॅम नत्र जवळजवळ पूर्ण मूत्रावाटे जाईल. तक्त्यातला आकडा मात्र तिथेच असेल.

स्फुरदाचं गणित त्याच रीतीने, पण इथे हमखास घोटाळा होतो. खाद्याच्या अहवालात फॉस्फरस मूलद्रव्य म्हणून लिहिलेला असतो, तर खताच्या पोत्यावर आणि शेणखताच्या अहवालात तोच पेंटॉक्साइडच्या रूपात. मूलद्रव्याला २.२९ ने गुणलं की खतातलं स्फुरद, आणि पोटॅशियमला १.२ ने गुणलं की पालाश. पुढे मी दोन्ही वेगळे लिहितो.

मुरघासातून १२ ग्रॅम फॉस्फरस, नेपियरमधून ५, कडब्यातून २, गोळी पेंडीतून २७, सरकीतून ६ आणि खनिज मिश्रणातून ६. एकूण ५८ ग्रॅम. दुधात किलोमागे एक ग्रॅमला थोडा कमी जातो, म्हणजे १५ ग्रॅम. बाहेर ४३ ग्रॅम, आणि हा जवळजवळ सगळा शेणात. ५८ पैकी ३९ ग्रॅम पोत्यांतून आला आहे, म्हणजे दोन तृतीयांश विकतचा. कोंड्यावर भर असलेल्या गोठ्यात हे प्रमाण आणखी चढतं; गव्हाच्या कोंड्यात एक टक्क्याहून जास्त फॉस्फरस असतो, भाताच्या कोंड्यात त्याहूनही जास्त. तुमच्या आहारात शुष्क पदार्थाच्या ०.४० टक्के फॉस्फरस बसतोय. एवढ्या दुधाला ०.३५ पुरतो. खनिज मिश्रण बंद करा असं मी म्हणत नाही, त्यातलं जस्त-तांबं हवंच आहे. पुढच्या खरेदीच्या वेळी कमी फॉस्फरसचं मिश्रण मिळतंय का ते विचारा.

पालाशाचं मूळ वैरणीत आहे. हिरव्या नेपियरमध्ये शुष्क पदार्थाच्या तीन टक्क्यांपर्यंत पोटॅशियम असतं. तुमच्या आहारातून साधारण २१० ग्रॅम जातं, दुधात २३ ग्रॅम, उरलेलं १८५ ग्रॅमच्या आसपास बाहेर, आणि त्यातला मोठा वाटा मूत्रात.

कालवडीमागे वर्षाला नत्र ३० किलो, फॉस्फरस ५ आणि पोटॅशियम २९ किलो धरलं आहे. ती दिवसाला अर्धा किलो वाढते आणि किलोभर वाढीत नत्र सुमारे २५ ग्रॅमच अडकतं, त्यामुळे बहुतेक सगळं बाहेरच पडतं. सगळा गोठा मिळून वर्षाला नत्र १७९० किलो, फॉस्फरस ३३५ किलो म्हणजे स्फुरद ७६५ किलो, पोटॅशियम १५५० किलो म्हणजे पालाश १८६० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. त्या हिशेबाने ८६ गोण्या नत्र आणि ३३ गोण्या डीएपीइतकं स्फुरद.

हा आकडा कितपत पक्का? वजाबाकीच्या गणिताची एक खोड आहे: खाण्यातली चूक उत्तरात मोठी होऊन येते. खाण्याचा अंदाज दहा टक्के चुकला तर शेणमूत्राचा तेरा टक्के चुकतो. आणि चूक जवळजवळ नेहमी दोनच जागी होते. पहिली, घमेल्याचा अंदाज. 'दोन घमेली मुरघास' म्हणजे कुणाचे चौदा किलो, कुणाचे बावीस. सलग तीन दिवस काट्यावर मोजा, आणि सकाळी गव्हाणीत उरलेली वैरण मोजून वजा करा. दुसरी चूक ओलाव्याची. पावसाळ्यातल्या कोवळ्या नेपियरमध्ये शुष्क पदार्थ १५ टक्केच असतात, उन्हाळ्यात २२-२५ टक्के. त्यामुळे मोजणी वर्षातून निदान दोनदा हवी. ओलावा घरीच काढता येतो. शंभर ग्रॅम कुट्टी मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, थोडी थोडी वाळवा आणि वजन उतरायचं थांबलं की वाचन घ्या. वासासाठी घरच्यांची बोलणी खावी लागतील.

पडताळा घ्यायचे दोन मार्ग आहेत. एक शेणाचा. १४.६ किलो शुष्क पदार्थांपैकी साधारण ३५-३७ टक्के न पचता बाहेर पडतात, म्हणजे पाच-साडेपाच किलो कोरडं शेण. ताज्या शेणात शुष्क पदार्थ १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणून रोजचं ओलं शेण ३० ते ३५ किलो यायला हवं. दोन गायी एक दिवस काँक्रीटवर बांधून शेण तोला. वीस किलोच भरलं तर गाय तुम्ही सांगता तेवढं खात नाही. दुसरा मार्ग दुधातल्या युरियाचा. दूध संघाच्या तपासणीत दुधातलं युरिया नायट्रोजन मिळत असेल तर ०.०२६ गुणिले गायीचं वजन गुणिले ते वाचन (डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये) इतके ग्रॅम नत्र रोज मूत्रात जातं. वाचन १२ असेल तर ४५० किलोच्या गायीचे १४० ग्रॅम. शेणात खाल्लेल्या शुष्क पदार्थाच्या किलोमागे सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे १०२. बेरीज २४२, आपला आकडा २२५. इतकं जुळलं तर पुरे. मात्र अहवालात 'युरिया' लिहिलं आहे की 'युरिया नायट्रोजन' ते बघा. युरिया असेल तर आधी ०.४६७ ने गुणा. हे सूत्र अमेरिकेतल्या होल्स्टीन आणि जर्सी गायींवरून काढलेलं आहे, म्हणून मी ते पडताळ्यापुरतंच वापरतो.

आता प्रयोगशाळेचा अहवाल. तो निरुपयोगी नाही; फक्त एकूण नत्र काढायला वापरला तर फसवतो, कारण ढिगाचं वजन, माती, ओलावा यांचा भरवसा नसतो. मुक्त संचार गोठ्यातल्या ढिगात माती किती हे तर देवच जाणे. पण त्याच अहवालातली गुणोत्तरं खूप बोलतात. फॉस्फरस हवेत उडत नाही आणि मूत्रात तो नगण्य असतो. म्हणून तो ढिगात खुंट्यासारखा रोवलेला आहे असं समजा आणि बाकीच्यांना त्याच्याशी तोला.

तुमच्या गोठ्यात बाहेर पडताना नत्र आणि फॉस्फरसचं प्रमाण १७९० ला ३३५, म्हणजे ५.३ ला १. अहवालातलं स्फुरद ०.६० टक्के म्हणजे फॉस्फरस ०.२६२ टक्के. नत्र ०.७५ भागिले ०.२६२, म्हणजे २.९ ला १. जवळपास निम्मं नत्र वाटेत गेलं. किती गेलं हे कळलं. कुठून गेलं ते पालाश सांगतो. पोटॅशियम उडत नाही. ते गेलं तर पाण्याबरोबरच जातं. बाहेर पडताना त्याचं फॉस्फरसशी प्रमाण ४.६, ढिगात २.५. म्हणजे साधारण ४५ टक्के पोटॅशियमही गायब. ढिगातल्या मातीचं पोटॅशियम यात मिसळलेलं असण्याची शक्यता आहे, तसं असेल तर खरी गळती याहून मोठी.

म्हणजे तुमच्याकडे फक्त अमोनिया उडत नाहीये, मूत्र मुरतंय. पोटॅशियमची तूट पाहता निम्मं मूत्र तरी ढिगापर्यंत पोहोचतच नाही, आणि गायीच्या एकूण नत्रातलं निम्म्याहून थोडं जास्त मूत्रात असतं. त्यामुळे गेलेल्या नत्रातला अर्ध्याहून मोठा हिस्सा जमिनीत आणि नाल्यात, उरलेला हवेत, असा माझा अंदाज आहे. केवळ नत्राचा अहवाल पाहिला असता तर तुम्ही ढिगावर झाकण घालण्याचा सल्ला घेऊन बसला असता. तुम्हाला आधी हवी आहे ती गव्हाणीलगतच्या पट्ट्याला काँक्रीट, मूत्राला उतार आणि एक टाकी. गायी दिवसाचा बराच वेळ त्याच पट्ट्यात उभ्या असतात. टाकीतलं पाणी मिसळलेलं मूत्र पाटाच्या पाण्याबरोबर नेपियरला सोडा, तेही रोजच्या रोज. शेणातल्या जिवाणूंचा यूरिएज (युरिया फोडणारं विकर) मूत्रातल्या युरियाला लागला की एक-दोन दिवसांत त्याचा अमोनिया होतो. आठवडाभर उघड्या टाकीत साठवलेल्या मूत्रात वास उरतो आणि पालाश उरतं. जमिनीत किंवा हवेत जाणारं नत्र सुमारे ८२५ किलो आहे, युरियाच्या चाळीस गोण्या. पालाशाची गळती त्याहून महागाची: एमओपी या पालाश खताच्या ५० किलोच्या २८ गोण्यांइतकी. युरियाला अनुदान असल्यामुळे आपल्याला नत्र वाया गेल्याचं दुःख होत नाही, निदान पालाशासाठी तरी नाली बांधा.

शेताच्या बाजूने पाहू. ढिगात उरलेलं नत्र सुमारे ९६५ किलो, स्फुरद मात्र पूर्ण ७६५ किलो. तुमच्या आठ एकरांवर, म्हणजे ३.२ हेक्टरवर सारखं पसरलं तर हेक्टरी नत्र ३०० आणि स्फुरद २४० किलो. आडसाली उसाची आपल्याकडची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश ४०० : १७० : १७० किलो, सुरू उसाची २५० : ११५ : ११५. नत्र ३०० किलो दिसत असलं तरी शेणखतातलं पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा जरी पिकाला मिळाला तरी खूप, म्हणून युरिया पूर्ण सुटणार नाही. स्फुरद मात्र आडसालीच्या शिफारशीच्याही पुढे गेलं आहे, आणि हे दरवर्षी साठत जाणार आहे. शेणखतातलं स्फुरदही सगळं लगेच लागू होत नाही हे खरं, पण मागच्या वर्षांचं जमिनीत जमा आहे. माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद भरपूर दाखवलं तर डीएपी थांबवा आणि नत्रासाठी नुसता युरिया हप्त्याने द्या. तुमच्या प्रश्नात जी बचत शोधत होतात ती मुख्यतः इथे आहे. ढिगाचा एक तृतीयांश भाग दूरच्या, शेणखत न पोचलेल्या जमिनीला विकलात तरी चालेल.

राहिला ब्रॉयलर शेडचा प्रश्न. तिथे अंदाज बांधणं गायींपेक्षा सोपं, कारण कंपनीच्या करारावर चालणाऱ्या शेडमध्ये बॅचच्या कार्डावर खाद्याच्या गोण्या आणि उचललेल्या पक्ष्यांचं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. २.२ किलोचा पक्षी, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) १.६, म्हणजे ३.५ किलो खाद्य. सरासरी २१ टक्के प्रथिनं धरली तर ११८ ग्रॅम नत्र. जिवंत वजनाच्या किलोमागे २९ ग्रॅम नत्र अंगात राहतं, म्हणजे ६३-६४ ग्रॅम. पक्ष्यामागे ५५ ग्रॅम विष्ठेत. त्या अमेरिकी तक्त्यात ब्रॉयलरला ५३ ग्रॅम आहेत. हा जुळणारा आकडा योगायोग नाही. ब्रॉयलरची जात आणि खाद्य जगभर जवळपास सारखंच झालं आहे, गायींचं तसं नाही. मरतूक झालेल्या पक्ष्यांनी खाल्लेलं खाद्य कार्डावर धरलेलंच असतं, म्हणून पूर्ण शेडचा हिशेब एकूण खाद्यावरून करा, पक्ष्यामागे नको.

फॉस्फरस खाद्यात ०.६ टक्के, म्हणजे २१ ग्रॅम; अंगात १० जातो, ११ बाहेर. धान्य आणि पेंडीतला दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो, तो कोंबडीला नीट पचत नाही. खाद्यात फायटेज (फायटेट फोडणारं विकर) टाकून वरचा डायकॅल्शियम फॉस्फेट कमी केला असेल तर हा आकडा उतरतो, म्हणून शेडवाल्याला ते विचारा. दहा हजार पक्ष्यांच्या एका बॅचमागे साडेपाचशे किलो नत्र आणि २५० किलो स्फुरद विष्ठेत पडतं. शेडमध्ये खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात नत्र फार थोडं, त्यामुळे या गादीतलं नत्र जवळजवळ सगळं विष्ठेचंच. यातलं नत्र शेडमध्येच बऱ्यापैकी उडतं, विशेषतः पाण्याची भांडी गळून गादी ओली राहत असेल तर.

तुम्हाला हे खत घेण्याचं कारण मला दिसत नाही. तुमच्या शेतात स्फुरद आधीच जास्त आहे, आणि कोंबडीखतातून नत्रासाठी पैसे मोजून तुम्ही स्फुरदच आणाल. जनावरं नसलेल्या डाळिंब किंवा द्राक्षवाल्याला ते जाऊ द्या. ते पैसे टाकी आणि काँक्रीटच्या पट्ट्यात घाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ढिगाचा नमुना पुन्हा पाठवताना ओलावा, राख, नत्र, स्फुरद, पालाश हे पाचही मागून घ्या. राख विसरू नका. ती चाळीस टक्क्यांच्या वर आली तर ढिगात माती बरीच आहे असं समजा आणि पालाशाच्या आकड्याकडे सावधपणे बघा.